वाशीमच्या होस्टेलवर शिदोरी

महालक्ष्म्या (गौरी) बसाच्या आदल्या दिवशी सकाळीच मी मानोऱ्याच्या बसस्टँडवर उभा होतो. डोक्यावर टोपली, टोपलीत शिदोरी (लेकीच्या सासरी न्याचा खाऊ), खांद्यावर गादी बांधाचा दोर. जो भेटे तो विचारे, कोण्या पोरीले आणाले चालले? मी म्हणे, लहानीले. तो म्हणे, लहानीचं लगन कधी झालं? मी म्हणे, नाई झालं. मंग तो माणूस बोलणं सोडून गाडीचा टाइम पाहे.

गोष्ट अशी, की आमची लहानी, वैशाली, बारावी पास होऊन वाशीमच्या कॉलेजात बीएस्सीले लागली अन् तिथंच पोरीच्या होस्टेलवर राह्यते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पयलीच. मी चौथीलोक शिकलो. चौथी दोनदा केली, पक्की व्हावी म्हणून.

सुरवातीले ती फोनवर रडे. मंग रडणं बंद झालं, त्याचा आमाले आनंद झाला. पोळा झाल्यावर तिचा फोन आला, "बाबा, मले नाई राहाचं इथं. सामानासगट घेऊन जा." रडली नाई, म्हणून भेव वाटलं.

तिच्या मायनं साफ सांगतलं, आणाची तर आणा, पण शिकत नसन तर उन्हाळ्यात लगन. रिसोडकडचं एक स्थळ येऊन बसलंच होतं. पोराचं मोटारपंपाचं दुकान. म्हणजे मी पोर आणाले चाललो होतो ते एका घरून उचलून दुसऱ्या घरी ठेवाले. हे मले समजत नवतं असं नाई. पण ती गेल्यापासून घरात माह्या बोलण्यावर हासाले कोणी राह्यलं नवतं. बैल हासत नाई अन् तिची माय तर लगनापासूनच हासत नाई. त्याच्यानं मी चूप बसलो अन् दोर घेतला.

लेक आणाची रीत मले पक्की ठाऊक. मोठी पोरगी रिसोडले देली हाय, तिले मी दरसाल आणतो. शिदोरी न्याची, ती लेकीच्या हातानं सासरच्या गल्लीत घरोघर वाटाची. आपण ओसरीवर बसाचं, पाणीपावसाच्या गोष्टी कराच्या, कामाचं एकदम काढाचं नाई. लेकीच्या घरचं पाणी प्याचं नाई. अन् निंगता निंगता विहीणबाईले हात जोडून म्हणाचं, "पोरीले धाडता का?" होस्टेलवरून पोर आणाची रीत कोणी सांगतली नवती. मंग आपल्याजवळ होती तीच काढली.

गाडी आली तशी माह्याच समोरच्या एका टोपलीवाल्याच्या मागं मी चढलो. तो दिग्रसले जाणारा निंगाला. कंडक्टर बोलला, "काका, पाटी नाई वाचली का?" मी म्हटलं, वाचली, पण टोपली पाहून चढलो. त्यानं मले पुढच्या फाट्यावर उतरवलं. वापस मानोऱ्याले आलो तवा स्टँडवरचे तेच लोक तिथंच उभे होते. त्यायनं विचारलं, आणली का पोर?

मंगरुळपीरले गाडी बदलली. तिथं आलूबोंडा खाल्ला. वाशीमच्या गाडीत टोपली वरच्या फळीवर ठेवली अन् खाली एका म्हाताऱ्याच्या बाजूले बसलो. तोही लेकीले आणालेच चालला होता, अनसिंगले. थोड्या वेळानं त्याच्या टोपीवर माह्या टोपलीतल्या अनारशाचं तूप टपकाले लागलं. मी त्याले सांगतलं नाई, कारण ओळख नवीन होती.

त्यानं विचारलं, "सासरचे कसे हायेत?"

मी म्हटलं, "कडक. अंधार पडला की गेट लावतात."

"जाच हाय का?"

"खाणं बराबर नाई म्हणते. आंघोळीले लाइन लावा लागते."

"मोठं घर दिसते. अन् जवाई काय करते?"

"जवाई नाई."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. टोपी काढल्यावर तूप डोक्यावर पडलं. वाशीम येईलोक तो माह्या गुडघ्यावर हात ठेवून बसला. आता मधातच खरं सांगणं मले बरं नाई वाटलं. उतरताना त्यानं मले केळं देलं.

कॉलेज गावाबाहेर हाय. इमारत मोठी, मैदान मोठं, अन् पोट्टे-पोट्टी सगळे घाईत. कुठं चालले असं विचारलं तर "लेक्चर" म्हणत, अन् तिकून येणाऱ्यायले विचारलं तर तेही लेक्चरच म्हणत. होस्टेलच्या गेटवर चौकीदारानं सांगतलं, भेटीचा वार रविवार. मी म्हटलं, मले वार नाई पाहाचा, पोर पाहाची हाय. टोपलीचा वास घेऊन त्यानं आत सोडलं.

आत एका टेबलामागं होस्टेलच्या रेक्टर बसल्या होत्या, इंगोले मॅडम. वयानं माह्याहून लहान, चष्मा, बोलणं तोललेलं. मी चप्पल बाहेर काढली, दोर लपवला, हात जोडले अन् तोंडातून निंगून गेलं, "रामराम विहीणबाई."

मॅडम माह्याकडं पाहत राह्यल्या. मंग बोलल्या, "बसा."

मी खुर्चीवर न बसता उंबऱ्याजवळ खाली बसलो. त्यायनं काम विचारलं. मी म्हटलं, काई नाई, सहजच. त्यायनं पाणी देलं, मी नाई म्हटलं. चहा विचारला, तोही नाई म्हटला. उपास हाय का? नाई. तब्येत बरी हाय ना? हो. मंग मी त्यायले आमच्याकडचा पाऊस सांगतला, पराटीच्या बोंडातली अळी सांगतली, गायीचं कोणतं थान आटलं ते सांगतलं. मॅडमनं चष्मा काढून पुसला, पोरीचं नाव विचारलं अन् एका पोरीले म्हटलं, याह्यच्या वैशालीले बलाव.

वैशाली आली. वाळली होती. मले पाहून तिचे डोळे भरले, पण टोपली पाहून ते तिथंच थांबले.

"बाबा, काय करून राह्यले तुमी?" ती हळूच बोलली.

"तुले आणाले आलो."

"ते काय हाय टोपलीत?"

"शिदोरी. जाय, गल्लीत वाटून ये."

"इथं गल्ली नाई, बाबा."

मी वर पायलं. लांब लाइनीनं खोल्या होत्या, समोरासमोर दरवाजे. मी म्हटलं, "मंग हे काय हाय?"

तिनं मॅडमकडं पायलं, तिले वाटलं मॅडम हे बंद करतीन. मॅडमनं टोपलीवरचा कपडा बाजूले केला, एक अनारसा उचलला, तोडून खाल्ला अन् म्हटलं, "आलेली शिदोरी वाटा लागते. घरात ठेवत नाई."

पोर लाजेनं लाल झाली. टोपली घेऊन जिना चढली. मी मांगं चाललो होतो, पण चौकीदार बोलला, पुरुषमाणसं वर जात नाई. मंग मी खालून आयकत बसलो. पयला दरवाजा वाजला. तिचा आवाज इतका बारीक, की आपल्याच पोरीचा हाय का अशी शंका आली. दुसरा वाजला. तिसऱ्या दरवाज्यावर बराच वेळ काईच आयकू आलं नाई. मंग कोणीतरी हासलं. मंग लय जणी. एक पोरगी कठड्यावरून वाकली अन् बोलली, "काका, अनारसे कोनं केले?"

"तिच्या मायनं. मी फक्त सांडले."

ती हासली. लय दिवसानं कोणी हासलं म्हणून मी अजून एक सांगणार होतो, पण ती गेली.

दुपार कलली तरी वैशाली खाली नाई आली. मले तहान लय लागली होती. मॅडम आपलं काम करत होत्या. म्हाताऱ्यानं देलेलं केळं मी खाल्लं. ते परक्याचं होतं, चालते.

ती आली तवा टोपली रिकामी होती अन् मांगं दोन-तीन पोरी होत्या. आता निंगाची येळ. मी उठलो, हात जोडले, अन् मॅडमले म्हटलं, "पोरीले धाडता का?"

मॅडमनं पेन खाली ठेवला. चेहरा जराही हालला नाई. माह्या मोठीच्या सासूचा असतो, तसाच.

"किती दिवसाकरता न्याची?"

याचा मी विचारच केला नवता. रिसोडले हे विचारतातच, अन् मी सांगतोच. पण इथं तर मी सामानासगट न्याले आलतो. दोर माह्या मांगंच होता. मी वैशालीकडं पायलं. मॅडमही तिच्याचकडं पाहून राह्यल्या होत्या.

मॅडम बोलल्या, "आमच्याबी घरी काम राह्यते, भाऊ. परीक्षा तोंडावर हाय. सांगा."

मले 'कायमची' हा शब्द काढाचा होता. तोंड उघडलंही. वैशाली बोलली, "तीन दिवस. महालक्ष्म्या उठल्या का येते."

"बरं," मॅडम बोलल्या. "मंग धाडतो."

मी दोर चौकीदाराले देऊन टाकला. त्यानं कायचा म्हणून विचारलं. मी म्हटलं, कपडे वाळू घाला.

वापसीच्या गाडीत तिले बोलाले जागा पुरत नवती. तिसऱ्या खोलीत एक पोरगी होती, तिची बॅग भरून ठेवलेली होती. तीही घरी जाणार होती, कायमची. दोघी अनारसा खात खात बोलत बसल्या, तवा समजलं, का वर्गात सर इंग्रजीत शिकवतात ते तिलेही समजत नाई. मंग बाकीच्यायले विचारलं. "बाबा, कोनालेच नाई समजत. सगळ्या मान हालवतात म्हनून मीबी हालवत होती. मले वाटे, मीच एक ढ हावो." आता त्यायनं ठरवलं, रोज संध्याकाळी बसून मराठीतून समजून घ्याचं, अन् जे नाई समजलं ते उद्या सरले विचाराचं, पण पयले कोणी विचाराचं, यावरून भांडण झालं. ते भांडण सांगता सांगता ती हासत होती. माह्या नाई, त्याह्यच्या गोष्टीवर.

घरी आलो तवा तिच्या मायनं पयले माह्या मांगं पायलं. गादी नाई, पेटी नाई. मंग विचारलं, रिसोडवाल्यायले काय कळवाचं? मी म्हटलं, दुकान चांगलं हाय म्हणाव, दुसरी पाहा. तिनं वैशालीपुढं निवदाच्या सोळा भाज्या अन् विळा सरकवला.

महालक्ष्म्या उठल्या. मी धुतलेलं धोतर घालून तयार झालो, कारण आणलेली लेक सोडाले कोणीतरी जातेच, येकटी धाडत नाई. वैशालीनं बॅग घेतली अन् बोलली, "बाबा, तुमी नका येऊ. दिग्रसच्या गाडीत बसान."

मी तिच्यासंगं आमच्या गावच्या फाट्यालोक गेलो. गाडी आली, तिनं पाटी वाचली अन् चढली. खिडकीतून हात केला का नाई, ते दिसलं नाई, धूर लय होता. गाडी गेल्यावर मी तिथंच उभा राह्यलो. एका जणानं विचारलं, कुठं चालले? मी म्हटलं, कुठंच नाई. तो म्हणे, मंग धुतलेलं धोतर कायले घातलं?