आपलं स्वागत आहे

माझी आत्या उभी हयात बसमध्ये कंडक्टर होती. फुकट्या प्रवाशाला ती मागच्या दाराशी गाठायची आणि तिकीट फाडल्याशिवाय खाली उतरू द्यायची नाही. अशा बाईवर म्हातारपणी दारोदार हात पसरायची पाळी आणणाऱ्यांचा मला राग आहे, आणि तो मी इथे लपवणार नाही.

आत्याचे यजमान, आमचे आतोबा, बस डेपोत मेकॅनिक होते. एवढे बोलके, की इंजिन उघडून बसले तरी तोंड चालूच. त्यांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. कळायचं सगळं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. अशा माणसांना पुन्हा बोलतं करणाऱ्या एक बाई आत्याने शोधून काढल्या. मग तिच्या मनात आलं, फक्त आपल्याच नवऱ्यासाठी का? डेपोमागची जुन्या टायरांची खोली तिने भांडून मिळवली, रबराचा वास जाईपर्यंत धुतली आणि वस्तीतली अशीच वाचा गेलेली माणसं तिथे जमवली. त्यात एक पोस्टमन होते, एक शिंपीणकाकू होत्या. बाई टेबलावर बोटांनी ठेका धरायच्या आणि त्या ठेक्यावर एकेक अक्षर म्हणून घ्यायच्या. आतोबा डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचे.

सुरुवातीला वर्गणीवर भागलं. मग वर्गणी आटली. बाईंनाही घर होतं, आणि दुसऱ्या गावच्या दवाखान्याने त्यांना बोलावलं होतं. त्या गेल्या असत्या तर आतोबा जन्मभर मुके राहिले असते. म्हणून आत्या अनुदानाच्या मागे लागली.

सरकारी कचेरीत तिला सांगितलं, "आजी, अनुदान यंत्रांना मिळतं. पगाराला नाही."

"यंत्र कोण चालवणार?"

"ते तुम्ही बघा."

बोलण्याचा सराव करून घेणारं यंत्र आलं. अजून खोक्यात आहे. आतोबा त्यावर पाय ठेवून बसतात, तेवढाच त्याचा उपयोग. खासगी ट्रस्टांकडे गेलं, की ते म्हणायचे, तुम्हाला सरकार देतंय ना, मग तिकडेच मागा. तिकडे गेलं, की आधी एखाद्या खासगी संस्थेचं मदतीचं पत्र आणा. एका ठिकाणी तर एका पोराने तिला विचारलं, तुमच्या उपक्रमात नवीन काय आहे? माणसाला बोलायला शिकवण्यात नवीन काय असणार, कपाळ? हेलपाटे घालून आत्याच्या चपला झिजल्या आणि सगळ्यांनी गोड हसून वाटाण्याच्या अक्षता लावल्या.

शेवटी एका कंपनीच्या ट्रस्टचे साहेब खोली बघायला यायला तयार झाले. आणि आमचं चुकलं ते इथे. पाहुणा येणार म्हटल्यावर आम्ही जे आयुष्यभर केलं तेच केलं. खोली चकाचक केली, खुर्च्या मागून आणल्या, ठेवणीतले कपडे काढले. प्रत्येकाला एकेक वाक्य दिलं आणि घोटून घेतलं. पोस्टमनना "बसा ना", शिंपीणकाकूंना "बरं वाटलं", आणि आतोबांना सगळ्यांत मोठं, "आपलं स्वागत आहे". ते वाक्य जमलं त्या दिवशी आतोबांनी ते आत्याला ऐकवलं, मला ऐकवलं, खिडकीबाहेरच्या मांजराला ऐकवलं. झटक्यानंतर प्रथमच त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य निघालं होतं. आत्या मोरीत जाऊन रडली.

साहेब आले. आतोबा दाराशी उभे राहिले आणि न अडखळता म्हणाले, "आपलं स्वागत आहे." पोस्टमन म्हणाले, काकू म्हणाल्या. साहेब खूश झाले.

"वा! इथं तर सगळे छान बोलतात," ते म्हणाले. "पण आजी, आमचा निधी गरजूंसाठी आहे. तुमचं काम तर झालेलंच दिसतंय."

आत्याचं डोकं फिरलं. ती म्हणाली, "झालंय? मग विचारा यांना काहीतरी. नाव विचारा."

साहेबांनी आतोबांना नाव विचारलं. आतोबांचा हात मांडीवर हलला. "आपलं स्वागत आहे," ते म्हणाले.

"मुलं किती तुम्हाला?"

"आपलं स्वागत आहे."

"आणखी विचारा," आत्या म्हणाली. तिचा आवाज भरल्या बसमध्ये चढायचा तसा चढला होता. "पाणी हवं का, विचारा. मी कोण, ते विचारा."

साहेबांनी तेही विचारलं. त्यांच्याबरोबरचा माणूस फोनवर सगळं टिपत होता. आतोबांनी आत्याकडे बघितलं. घाम फुटलेला, तोंड वेडंवाकडं झालेलं. आणि पुन्हा तेच वाक्य, या वेळी अर्धंच. मग त्यांनी मान खाली घातली. आत्याच्या तेव्हा लक्षात आलं, आपण काय करून बसलो.

पैसे मंजूर झाले. वर्षभराचा बाईंचा पगार निघाला. त्या राहिल्या. पोस्टमन आता नातीला हाक मारतात. आतोबा मात्र त्या दिवसापासून गप्प झाले. बाई ठेका धरायच्या, आतोबांचा हात मांडीवर तसाच पडून असायचा. आत्याने त्यांची किती विनवणी केली ते मी बघितलंय. साहेबांना मी मनातल्या मनात रोज शिव्या घालते. आत्या स्वतःला घालते, आणि त्याचा मला जास्त राग येतो. भरचौकात कपडे काढून दाखवल्याशिवाय ज्यांना माणसाचं दुखणं दिसत नाही, ते मोकळे, आणि ही घरात बसून झुरतेय.

वर्ष संपताना साहेब प्रगती बघायला पुन्हा आले. या वेळी आम्ही खुर्च्या मागून आणल्या नाहीत. आतोबा खोक्यावर पाय ठेवून खिडकीकडे बघत बसले होते. साहेबांनी नमस्कार केला, थोडा वेळ वाट पाहिली आणि मग आत्याकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणाले, "मागच्या वर्षी हे एक वाक्य तरी बोलायचे."

"बोलायचे," आत्या म्हणाली. "तुम्ही येईपर्यंत."