वहिनीच्या हातचं तिखट

कौसावहिनी गेल्याचा फोन दादाने सकाळीच केला. मी कडा गावातल्या माझ्या खोलीत चहा गाळत होते. "सुमन, कौसा गेली," त्याने सांगितलं. मी विचारलं, "कशानं?" आणि विचारलं तेही असं, की जणू तो काहीतरी लपवतोय. झोपेतच गेली, तो म्हणाला, हृदयाचं काहीतरी झालं. खरं सांगायचं तर त्याचं बोलणं संपायच्या आत माझ्या मनात आलं, चला, आता माहेरी कुणीतरी धड जेवायला घालेल... माणूस गेल्याची बातमी ऐकताना डोक्यात ताट यावं हे काही बरं नाही. पण वहिनीचा आणि माझा सगळा संबंधच ताटातला. इतक्या वर्षांत आम्ही दोघी जेवणाखाण्यापलीकडचं असं काही बोललोच नाही.

मी मुळात शंकेखोर. आई म्हणायची, ही पोरगी देवाचा अंगारासुद्धा हुंगून लावते. दूधवाल्याचं माप तिरपं झालेलं मला लांबून दिसतं, आणि बाजारात वांगं उलटंपालटं करून बघितल्याशिवाय मी पिशवीत टाकत नाही. नवरा कारखान्यावर कामाला होता, तो गेल्यापासून दोन मुलींना घेऊन भाड्याच्या खोलीत राहते, शिलाई करते. एकट्या बाईने शंका घ्यायचं सोडलं तर लोक तिला विकून खातील, असं माझं मत आहे. या स्वभावाचा सगळ्यात मोठा वाटा वहिनीच्या पदरात पडला, आणि तो मी हात आखडून दिला नाही.

माझं माहेर नांदूरघाटच्या अलीकडचं एक गाव. नदीकाठाला आमची काळी जमीन आहे. वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर दादाबरोबर माझंही नाव लागलं. आमच्याकडे बहिणीचं नाव लागलं की फार दिवस राहू देत नाहीत. तिला माहेरी बोलावतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. सही नाही केली तर माहेर तुटतं, केली तर जमीन जाते. माझ्या बरोबरीच्या सगळ्याजणी सही करून मोकळ्या झाल्या होत्या. माझ्या दादाने मात्र कधी विषयसुद्धा काढला नाही. सासरी मी मान ताठ करून सांगायची, माझा भाऊ तसला नाही. पोरींच्या नावाने उद्या काही द्यायचं झालं तर माझ्याकडे तेवढी एक पट्टीच आहे, आणि ती दादाच्या चांगुलपणामुळे शाबूत आहे, अशी माझी पक्की समजूत होती. घरात काळंबेरं असलंच तर ते चुलीपाशी, असं मी धरून चालले होते.

त्याला कारणही तसंच होतं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. नव्या नवरीच्या हातची पहिली पुरणपोळी मी खाल्ली ती आमची आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, माहेरी आली होती त्या दिवशी. पदर सावरत वहिनीने पोळ्या लाटल्या. एवढ्या मऊ, कडेपर्यंत पुरण गेलेल्या, की मी गुळवणीत बुडवून बुडवून पोट दुखेपर्यंत खाल्ल्या. आत्याला नवं लुगडं नेसवलं आणि जेवण झाल्यावर मोठी माणसं तिला जीपमध्ये घालून तालुक्याला, केजला गेली. ती चव माझ्या जिभेवर राहून गेली. म्हणजे बाईला पुरण जमत होतं, आणि घरच्या लेकीला घालता येत नव्हतं असंही नाही. माझं लग्न झाल्यावर मात्र मी पंचमीला गेले काय नाही तर दिवाळीला, पुढ्यात यायचं ते बाजरीची भाकर, झणझणीत कोरड्यास आणि ठेचा. गावातल्या बाकीच्या लेकी पुरणाचे ढेकर देत ओट्यावर बसायच्या, आणि मी आपली नाक ओढत.

मला बघितलं की तिचा हात तिखटाच्या डब्यात जायचा. मी म्हणायची, "वैनी, लई तिखट झालंय." ती म्हणायची, "पानी प्या, बाई." बस्स. तिथं बोलणं संपलं. मी तिच्यावर पाळत ठेवायला लागले. माझ्या माघारी गोडधोड करून खाते का, म्हणून फडताळातली भांडी उघडून बघितली. स्वतःसाठी वेगळं काढून ठेवत असेल, म्हणून शेवटपर्यंत चुलीपाशी बसून राहिले. पण ती तेच खायची. तिलाही सोसायचं नाही, पदराने नाक पुसत पुसत खायची. माझ्यासाठी केलेलं तिखट ही बाई स्वतःही का खाते, याचं उत्तर मला सापडलं नाही, आणि उत्तर सापडलं नाही की माझा संशय आणखी वाढतो.

वडिलांचं वर्षश्राद्ध झाल्यावर एकदा दादाने स्वतः फोन केला, "सुमन, पुरनाचं जेवाया ये." मी पोरींना शेजारी ठेवून, बीडला गाडी बदलून गेले. दारात जीप उभी होती, दादाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. पेटीवर नव्या साडीची पिशवी दिसली, तिचा काठही मी बघून घेतला. आत हरभऱ्याची डाळ शिजल्याचा वास येत होता, ताटात गूळ चिरून ठेवलेला. वहिनीने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. मी पाय धुतेय तोवर फोडणीचा चर्रकन् आवाज आला, पाठोपाठ असा ठसका की दारातलं कुत्रंसुद्धा उठून गेलं. ताटात आली ती लसूण आणि हिरवी मिरची घालून परतलेली डाळ, सोबत भाकर. दादा ताटाकडे बघतच राहिला. "कौसा, पुरन?"

"डाळ खाली लागली," वहिनी म्हणाली. "पुरन व्हईना तिचं."

डाळ लागली नव्हती. माझ्या नाकापासून जळका वास लपत नाही. दादा ताट सारून उठला आणि जीपवाल्याशी काहीतरी बोलून शेताकडे निघून गेला. साडीची पिशवी संध्याकाळपर्यंत पेटीवरून नाहीशी झाली होती. मी समजले, वहिनीने स्वतःच्या बहिणीला दिली असणार. परतीच्या गाडीत मी रडत होते, त्यातलं तिखटाचं किती आणि रागाचं किती ते मलाही सांगता आलं नसतं. पुढच्या पंचमीला मी गेलेच नाही.

शेवटची भेट गेल्या दिवाळीतली. वहिनी वाळली होती, तरी सुनेला बाजूला सारून ठेचा स्वतःच वाटत बसली. ताट माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "खावा बाई. सवय ऱ्हाऊ द्या." मी तो टोमणा समजले आणि तसाच गाठीला बांधून घरी आणला.

मग तिच्या तेराव्याचं गोडजेवण. अंगणात मांडव, गावाला बुंदी, वरण-भात. मी आतल्या खोलीत आत्याशेजारी बसले होते. आत्या आता खूप म्हातारी झाली आहे, पण नजर शाबूत. दादाची सून पूजा वाढत होती. आत्याच्या ताटात बुंदी पडली, सगळ्या बायकांच्या ताटात बुंदी पडली, आणि माझ्या ताटात पुरणपोळी. दादा दारातून म्हणाला, "तुला आवडती म्हनून मुद्दाम कराया लावली." त्याचे डोळे रडून सुजलेले होते, आवाजात माया होती. मी पहिला घास मोडणार, तेवढ्यात आत्याने माझं मनगट धरलं.

"दम धर. साऱ्या गावाला बुंदी आन् तुला एकटीला पोळी. कावून, इचारलं का सोताला?"

मग ती खालच्या आवाजात सांगत राहिली. आपल्या घरात बहिणीचा हक्क सोडवून घ्यायचा तो तिला पुरणाचं खाऊ घालून, नवं लुगडं नेसवून. गोड तोंडाने दिलं तर ठीक, नाहीतर बहिणीचा तळतळाट लागतो, असं धरून चालतात. "मला बी तसंच नेलं. पोट भरलेलं, अंगावर कोरं लुगडं. अंगठा कशावर लावते ते बी बघितलं न्हाई." पुढे तिचा नवरा वारला आणि ती चार दिवस आसऱ्याला आली, तेव्हा माझ्या वडिलांनी दारातच सांगितलं की तुझा हक्क सुटला. वहिनी आत भाकरी थापत होती. परसदाराने धावत जाऊन तिने आत्याच्या पदरात भाकरी बांधल्या आणि म्हणाली, आत्याबाई, माझ्या पोळ्यांनी तुमचा घात केला. त्यानंतर आमच्या घरच्या लेकीसाठी तिने पुरण शिजवलं नाही.

दादा तळतळाटाला फार भितो, हे मला माहीत आहे. वहिनीलाही माहीत होतं. नांदूरघाटच्या बाजारात आत्याला भेटली की ती सारं सांगायची. नवऱ्याने जीप ठरवली, साडी आणली, की ही ताटात तिखट ओतायची, आणि त्याला बजावायची की तिखटावर घेतलेलं पिढीला जाळतं. "असली म्हन मी जन्मात ऐकली न्हवती," आत्या म्हणाली. "तिनंच रचली असंल. पर तुज्या भावाला लागू पडली. आन् ती साडी तिनं मला दिली, बघ, हीच."

आत्याच्या अंगावरच्या साडीचा काठ मी ओळखला.

मी विचारलं, "म्हणजे तिचा जीव होता माझ्यावर?"

"न्हाई गं," आत्या म्हणाली. "तू तिला आवडत न्हवतीस. पान्याचा तांब्या बी हुंगून पिती, म्हनायची. पर आवडायचा काय संबंध त्यात?"

माझ्यावर जीव टाकणारा माझा भाऊ तेवढ्यात तुपाचं भांडं घेऊन आत आला. "खा ना सुमन. जेवन झालं की जरा केजला जाऊन येऊ. लगीच परत येऊ." त्याच्यामागे ओसरीवर कागदांनी फुगलेली रेक्झिनची बॅग मांडीवर घेतलेला एक माणूस बुंदी खात बसला होता. वहिनीला जाऊन चौदा दिवसही झाले नव्हते. तिच्या चुलीवर, तिच्या नावाच्या जेवणात, तिला आडवं येता येणार नाही असा दिवस दादाने धरला होता. मला त्याचा राग आला, आणि त्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघून वाईटही वाटलं, कारण त्याचं ते रडणंही खोटं नव्हतं.

मी पूजाला म्हटलं, "तिखटाचा डबा आण."

"अवो, तेराव्याच्या जेवनात तिखट?"

"आण."

तिने डबा आणला. मी लाल तिखटाची मूठ पुरणपोळीवर पसरली, तिची घडी घातली आणि खायला लागले. दादा तुपाचं भांडं धरून तसाच उभा. म्हणाला, "तुला कौसानं सांगितलं व्हय?"

"ती माझ्याशी बोलायची तरी कुठं, दादा," मी म्हटलं.

तो भिंतीला टेकून खाली बसला. तूप भांड्यातच राहिलं. माझ्या नाकाडोळ्यांतून धार लागली होती, डोळ्यांपुढचं ताटसुद्धा नीट दिसेना. शेजारच्या बाईने पदराने माझं तोंड पुसलं आणि पलीकडच्या बाईला म्हणाली, "लई जीव होता बघा नणंदा-भावजयांचा." आत्याने माझ्याकडे बघितलं. मी ती बाई बोलली ते खोडून काढलं नाही. घास गिळला, आणि पूजाला म्हटलं, अजून एक पोळी वाढ, आणि डबा इथंच राहू दे.