राणीची पर्स

संत्र्याच्या सालीचा वास आला की मला मनीषनगरच्या आमच्या हॉलमधली ती दुपार आठवते आणि अजून डोकं तापतं. काटोलहून आईची मावसबहीण थैलीभर संत्री आणि पुतण्याचं स्थळ घेऊन आली होती. मी तेव्हा चौतिशीची, आईच्या पायाशी बसून तिच्यासाठी फोडींतल्या बिया काढत होते. टीव्हीवर युरोपातल्या कुठल्याशा राजघराण्याची मिरवणूक चालू होती. म्हाताऱ्या राणीमागून तिची पन्नाशीची बिनलग्नाची मुलगी राणीची पर्स धरून चालत होती. "काहून वं, राजकन्येले नवरा नाही भेटला?" मावशीने विचारलं. "तिलेच नसन करायचं," आई म्हणाली, "आमचीच पाहा ना, तुह्या आधी तीन स्थळं आली, तिघांलेही नाही म्हणाली." त्या तिघांबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मावशी, मले कोणी विचारलंच नाही," मी म्हटलं. आईने टीव्हीवरची नजरही हलवली नाही. "मंग माह्यं करणारं कोण आहे वं?" म्हणत तिने फोडीसाठी हात पुढे केला. मावशी संत्री ठेवून गेली, स्थळ परत घेऊन गेली. आज आई ब्याऐंशीची आहे आणि मी तिला अजूनही रोज संत्रं सोलून देते. बिया मात्र काढत नाही.