विहिरीच्या सीनला थांबायचं

अख्ख्या बहारीनमध्ये सिंहलीचं एक अक्षर न कळता एक अख्खा सिंहली सिनेमा तोंडपाठ असलेला माणूस एकच, आणि तो झिंजमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. मूळचे गुहागरकडचे, सगळी नोकरी अस्करच्या कारखान्यात. मी त्यांना भाऊजी म्हणते. तो जुना ब्लॅक अँड व्हाइट विनोदी सिनेमा त्यांनी खोलीतल्या श्रीलंकेच्या जोडीदाराबरोबर दर शुक्रवारी पाहिला. किती वर्षं, ते विचारू नका. त्यात एक खोटा जावई आणि एक बहिरा सासरा, दोघं सारखे एकमेकांवर धडकतात. भाऊजी मात्र धडकायच्या आधीच हसतात. "अहो, अजून पडला नाही तो!" मी म्हणते. "पडणार वहिनी! इतकी वर्षं पडतोय, आजच कसा चुकेल?" सबटायटल लावू देतील तर शपथ. आमची नात म्हणाली, "आजोबा, व्हॉट इज ही सेइंग?" तर म्हणे, "बोलणं कशाला, तोंड बघ की त्याचं!" आणि पोरगी खरंच खदखदून हसली हो!

सासरा विहिरीत डोकावला की सिनेमा थांबवायचाच. कारण तिथे जोडीदार भात बघायला उठायचा, पातेल्यावर पळी दोनदा वाजवायचा, आणि भाऊजींनी ताटं घ्यायची. आमच्याकडेही ते तिथेच थांबवतात आणि ताटं मागतात, जेवणं झालेली असली तरी!

जोडीदार कायमचा गावी गेला, आणि यंदा त्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. बाबा कुणाकडे बघत नाहीत, हसत नाहीत, असं त्याच्या मुलाने मोडक्या इंग्रजीत कळवलं. भाऊजी म्हणाले, "मी हसवल्याशिवाय सोडत नाही." तेव्हापासून शुक्रवारी आमच्या टीव्हीसमोर फोन स्पीकरवर. भाऊजी "यल्ला!" म्हणाले की इकडे आणि तिकडे एकदम सिनेमा सुरू. तीन शुक्रवार तिकडून हूं की चूं नाही. आमचे हे म्हणाले, "दुसरा एखादा लावून बघा." भाऊजी उखडलेच. "दुसऱ्यात आमचं कोण आहे?"

चौथ्या शुक्रवारी सासरा विहिरीत डोकावला. भाऊजींनी थांबवला, तिकडे मुलानेही थांबवला. मग फोनमधून बारीक आवाज आला. टण. उशाशीच्या पेल्यावर चमचा असणार. बऱ्याच वेळाने पुन्हा, टण.

हसू नव्हतंच ते. पण भाऊजी तडक स्वयंपाकघरात गेले आणि दोन ताटं घेऊन आले. एक स्वतःपुढे मांडलं, एक फोनपुढे. "वहिनी, भात," म्हणाले, माझ्याकडे न बघता.

आमची जेवणं केव्हाच आटोपली होती. मी तांदूळ धुवायला घेतले.