अंगठा आधी बाहेर

मुलीच्या लग्नाची बोलणी मी उजव्या हाताला गुलाबी चेंडू अडकलेल्या अवस्थेत केली. चेंडू चार किलोचा होता.

मी जबलपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. फिरत्या वस्तूंची गती हा माझा आवडता धडा. तीस वर्षं फळ्यावर गोल काढून त्यांना बाण जोडत आलो आहे. त्यामुळे आमच्या मुग्धाने नागपूरहून फोनवर बेत सांगितला तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही. (तिथेच चुकलं.)

मुग्धा नागपूरला नोकरी करते. तिच्याच ऑफिसातला रोहन देवपुजारी तिने पसंत केला होता. आता दोन्ही घरच्यांनी एकमेकांना पसंत करणं तेवढं बाकी होतं. येत्या रविवारी रोहनचे आईवडील रोहन-मुग्धाला घेऊन जबलपूरला यायचे होते.

"घरी नको हं बाबा," मुग्धा म्हणाली. "घरी सगळे अवघडून बसतात. मॉलमध्ये बॉलिंग खेळू, तिथेच काहीतरी खाऊ, गप्पा होतील. चलेगा ना?"

"चलेगा," मी म्हणालो. "त्यात काय! गोल वस्तू, सपाट जमीन."

फोन ठेवल्यावर माझी बायको शोभा म्हणाली, "रोहनच्या आईशी माझं बोलणं झालं आहे. रिटायर्ड हेडमास्तरीण आहेत. फार शिस्तीच्या. मी सांगून टाकलं, आमच्याकडेही सगळे गंभीर लोक आहेत म्हणून. तर तुम्ही त्या दिवशी गंभीर राहा."

"मी गंभीरच असतो."

"दिसा पण!"

गंभीर दिसायचं तर चेंडू नीट टाकता यायला हवा. शनिवारी सकाळी मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला गोरा माणूस एकच गोष्ट परत परत सांगत होता. सगळं कौशल्य चेंडू सोडण्यात आहे. चेंडूला तीन भोकं असतात, एक अंगठ्याचं आणि दोन मधल्या बोटांची. सोडताना अंगठा आधी बाहेर आला पाहिजे, बोटं नंतर. मग हात तसाच पुढे न्यायचा, समोरच्याशी शेकहँड करायला निघाल्यासारखा. मी वहीत आकृती काढली, बाण काढले. सिद्धांत पटला. प्रयोगासाठी चेंडू नव्हता, पण घरात टरबूज होतं.

"टरबुजाला भोकं काहून पाडून राहिले तुम्ही?" शोभाने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"रिलीज सुधारतोय."

"अच्छा," ती म्हणाली आणि आत गेली. तीस वर्षांच्या संसारात काही प्रश्न ती पुढे विचारत नाही.

मी बैठकीच्या एका टोकाला पाण्याच्या दहा बाटल्या मांडल्या आणि दुसऱ्या टोकाहून चार पावलं टाकत आलो. पहिल्या फेकीत अंगठा आधीच निघाला. इतका आधी, की हात अजून मागेच होता! टरबूज पाठीमागे उडालं आणि पाहुण्यांसाठी सोफ्यावर घातलेल्या पांढऱ्या खोळीवर जाऊन फुटलं.

शोभा आली. खोळ बघितली. माझ्याकडे बघितलं.

"आधी निघाला," मी खुलासा केला.

"कोण?"

"अंगठा."

घरात दुसरं टरबूज होतं. (शोभा सोफ्याची खोळ भिजवायला गेली होती, म्हणून ते मला मिळालं.) या वेळी मी अंगठा घट्ट रोवला. हात पुढे आला, टरबूज पुढे आलं, अंगठा निघाला, बोटं निघाली, सगळं व्हिडिओबरहुकूम! शेकहँडसाठी हात मी पूर्ण ताकदीने पुढे नेला आणि शेकहँड दाराच्या चौकटीशी झाला. टरबुजाने नऊ बाटल्या पाडल्या. ते बघायच्या स्थितीत मी नव्हतो.

संध्याकाळपर्यंत अंगठा दुप्पट झाला. शोभाने हळद आणि तेल गरम करून लेप दिला. रविवारी सकाळी सूज थोडी उतरली, पण अंगठा पिवळाजर्द राहिला.

"आज तुम्ही फक्त खुर्चीवर बसा," शोभा म्हणाली. "गंभीरपणे."

अकराला मुग्धाचा फोन आला, नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडला म्हणून. बाराला आम्ही सगळे मॉलमध्ये होतो. देवपुजारी गोल, हसरे गृहस्थ होते. नमस्कार करता करता म्हणाले, "आपण सरळ मुद्द्यावर येऊ नं. लग्न नागपूरला करायचं. आमचा सगळा गोतावळा तिथंच."

"आमचा जबलपुरात आहे," मी म्हणालो. चार पिढ्या या गावात काढल्या आणि एकुलत्या एका मुलीचं लग्न दुसऱ्या गावात? हे मी बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं.

वहिनी म्हणजे रोहनची आई, त्या हेडमास्तरीण, पुढे आल्या. त्यांनी चष्म्यातून माझ्या पिवळ्या अंगठ्याकडे बघितलं. मी तो मुठीत लपवला.

खेळ सुरू झाला. टोकाच्या दहा पिनांपैकी रोहनने सात पाडल्या. मुग्धाने पाच. देवपुजारींनी दोन पाडल्या आणि सहा पाडल्यासारखे हात वर केले. मग म्हणाले, "सर, आता तुम्ही! फिजिक्सवाले तुम्ही, दाखवा आम्हाला."

शोभाने डोळ्यांनी नाही म्हटलं. पण जबलपूरची बाजू मांडायची, तर माणसाने आधी उभं राहायला हवं. मी उठलो आणि अंगठ्याचा विचार करून सगळ्यात हलका चेंडू उचलला. गुलाबी होता.

"बाबा, वो बच्चोंवाली है!" मुग्धा ओरडली. "त्याची भोकं लहान असतात!"

तोवर अंगठा आत गेला होता. गेला म्हणजे मी ढकलला. हळदीच्या तेलाने मदत केली.

चार पावलं. हात मागे. हात पुढे. आता अंगठा बाहेर... अंगठा बाहेर आला नाही. बोटं सुटली, चेंडू निघाला, आणि अंगठ्यासकट मीही निघालो! चेंडू टाकताना जी रेघ ओलांडायची नसते ती ओलांडली, तशी कुठूनतरी पीं पीं वाजू लागलं. चेंडू जातो त्या लाकडी पट्टीवर पुढे तेल लावलेलं असतं, हे व्हिडिओत सांगितलं नव्हतं. मी धपकन खाली बसलो आणि तसाच, चेंडू पुढे धरून, अगदी शांतपणे सरकत गेलो. पिनांपर्यंत पोचलो नाही, एवढंच.

रोहनने आणि मुग्धाने मला काखेत हात घालून मागे आणलं. देवपुजारी काळजीने पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला. सवयीने मीही केला. त्यांनी चेंडूशी हस्तांदोलन केलं.

"सोडा नं तो आता," ते म्हणाले.

"सुटून नाही राहिला," मी म्हणालो.

मग सगळ्यांनी ओढून बघितलं. रोहनने चेंडू धरला, देवपुजारींनी मला धरलं, मुग्धाने "बाबा, ढीला छोडो, ढीला!" असा धोशा लावला. काउंटरवाले भैया म्हणाले, "अंकलजी, दस मिनट बैठिए, सूजन उतरेगी तो निकल जाएगी." म्हणून मी बसलो. चेंडू मांडीवर घेतला. समोर समोसे आले. आणि अशा वेळी देवपुजारींनी पुन्हा विषय काढला.

"तर मग नागपूरच नं?"

माझ्याकडे जबलपूरच्या बाजूने सहा मुद्दे होते. पहिला मुद्दा मांडताना मी हात हलवला आणि समोशांची बशी देवपुजारींच्या मांडीत गेली. दुसऱ्या मुद्द्याला चटणी गेली. तिसऱ्या मुद्द्याला शोभाने चेंडूच दोन्ही हातांनी दाबून धरला आणि दात न उघडता म्हणाली, "अहो, नागपूर छान आहे."

मग वहिनी उठल्या. "सगळे बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. सगळे झाले. "सर, हात वर."

"अं?"

"वर! सरळ! सूज खाली बसते त्याने. कोपर वाकवायचा नाही."

मी हात वर केला. टोकाला चेंडू. उत्तर येत असलेल्या विद्यार्थ्यासारखा मी त्या हेडमास्तरीण बाईंसमोर बसून राहिलो आणि मला काही विचारत नव्हतं कोणी. त्यांनी कोल्ड कॉफीवाल्याकडून बर्फ मागवला, तो अंगठ्याच्या बुडाशी धरला. बाथरूममधून हात धुण्याचा साबण मागवला, तो भोकात ओतला. दोन मिनिटं, पाच मिनिटं. त्यांचा चेहरा इतका गंभीर, की आमच्या घराण्यात असा झाला नाही.

"हात खाली. आता श्वास सोडा," त्या म्हणाल्या, "आणि दुसऱ्या कशाचा तरी विचार करा. मुलीचं लग्न कुठे करायचं तुम्हाला?"

"जबलपूरला!" मी म्हणालो, आणि त्यांनी चेंडू फिरवून ओढला.

पच्च असा आवाज झाला. चेंडू त्यांच्या साबणाच्या हातातून निसटला, खाली पडला आणि आरामात शेजारच्या पट्टीवर गेला. तिथे एका चिमुरडीचा वाढदिवस चालला होता. लहान मुलांसाठी दोन्ही बाजूंना कठडे उभे केलेले. चेंडू डाव्या कठड्याला लागला, उजव्याला लागला, पुन्हा डाव्याला, आणि शेवटी पिनांवर जाऊन टेकल्यासारखा झाला. दहाच्या दहा पडल्या. पडद्यावर फटाके उडाले. बारा पोरं किंचाळत नाचू लागली आणि गुण त्या चिमुरडीच्या नावावर जमा झाले.

तेव्हा वहिनी हसल्या. आधी खांदे हलले, मग चष्मा काढला, मग खुर्चीचा आधार घेतला. त्या हसायच्या थांबेनात. रोहन मुग्धाच्या कानात म्हणाला, "आईला असं हसताना मी पहिल्यांदा पाहून राहिलो." शोभा आधी रडायच्या बेतात होती, तिलाही हसू फुटलं. एकटे देवपुजारी पँटवरची चटणी पुसत होते.

डोळे पुसून वहिनी म्हणाल्या, "लग्न जबलपूरला होईल. आमचे लोक इकडे येतील. यांना तिकडे नेलं तर वाटेत काय अडकवून घेतील, सांगता येत नाही." देवपुजारींनी काही म्हणायला तोंड उघडलं. वहिनींनी बघितलं. त्यांनी मिटलं.

साखरपुडा मात्र नागपूरला झाला. मी नव्या कुर्त्यात, दोन्ही हात रिकामे ठेवून, शक्य तितका गंभीर उभा होतो. देवपुजारी प्रत्येक पाहुण्याला माझ्यापर्यंत आणत आणि सांगत, "हे आमचे व्याही. यांची बॉलिंग पाहायला पाहिजे होती तुम्ही!"

रोहनचे एक आजोबा होते, नव्वदीचे. त्यांनी कानाला हात लावून दोनदा ऐकून घेतलं, मला वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, "अच्छा! फास्ट का स्पिन?"

मी म्हणालो, "नो बॉल."