राखीच्या दातांवर शीलाबाईंचा इलाज

यवतमाळला दत्त चौकामागच्या गल्लीत डॉ. चारुदत्तांचा दातांचा दवाखाना होता आणि त्या दवाखान्यात शीलाबाई एकवीस वर्षं होत्या. त्यांचे वडील कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे, भाऊ बँकेत. स्वतःचं लग्न जुळता जुळता राहून गेलं, तेव्हा शीलाबाई रुग्णाच्या खुर्चीशेजारी येऊन उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. अवजारं उकळायची, नंबर लावायचे, घाबरलेल्याचा हात धरायचा, सगळं त्यांच्याकडे. डॉक्टर मोजकं बोलणारे. म्हणून लोक बाहेरच्या बाकावर शीलाबाईंनाच गाठायचे.

जास्त करून प्रश्न पिवळ्या दातांचा असायचा. घरी काही करावं की डॉक्टरकडूनच करून घ्यावं? शीलाबाईंचं उत्तर तोंडपाठ होतं. तंबाखू-खर्‍याचे, पानाचे डाग असतील तर मशीननं साफ करून घ्या. लग्न तोंडावर आलं असेल तर डॉक्टर खुर्चीवरच औषध लावून तासाभरात उजळवतात. सवड असेल तर दातांच्या मापाचा साचा करून देतात, त्यात जेल घालून घरी लावायचं, पंधरा दिवस लागतात. आणि यातलं काहीच परवडत नसेल तर खाण्याचा सोडा आहेच. कोणाला काय परवडतं, हे मात्र त्या कधी विचारत नसत. माणूस बघूनच ओळखायच्या. त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

२००६ चा हिवाळा. कापसाला भाव नव्हता. बाकावर दातांचं बोलणं निघायचं आणि कापसावर येऊन थांबायचं. पेपरात रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीत जिल्ह्याचं नाव असायचं, आणि खेड्यातलं कोणी दारात दिसलं की शीलाबाईंना पैशांचं बोलणं काढवत नसे.

अशाच एका शनिवारी भावसिंग आपल्या मुलीला घेऊन आला. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा बंजारा, थोडी शेती, घरची पिठाची चक्की. सदऱ्याला कापसाचे पुंजके चिकटलेले, चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. मुलगी राखी, एकोणीस वर्षांची, यवतमाळलाच डी.एड.ला होती. बोलताना तिचा हात सारखा तोंडाकडे जायचा.

"काय होतंय बेटा?" शीलाबाईंनी विचारलं.

"दुखत नाही, बाई. पण सराव पाठाले वर्गात उभी राह्यली का पोरं हासतेत. एक पोरगी म्हणे, म्याडम दात घासत नाहीत." राखीनं मान खाली घातली. "मी दोनदा घासतो, बाई. आमच्या तांड्यात सगळ्यायचेच असे हायेत."

समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, खडूसारखे पांढरे ठिपके होते. डॉक्टरांनी तपासलं. हात धुताना ते शीलाबाईंना म्हणाले, "हे वरून बसलेले डाग नाहीत. दात हिरडीत तयार होत असतानाच बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड त्यात मुरलंय. घासून जायचे नाहीत. औषधानं वरचा पातळ थर काढू, मग उजळवू. तीन-चार खेपा लागतील. मोत्यासारखे होणार नाहीत, पण फिकट पडतील, पोरगी मोकळी हसेल. खर्च सांगा, सोमवारची वेळ द्या. जास्त वाटला तर मला सांगा, बघू काहीतरी."

एवढं बोलून ते पुढच्या रुग्णाकडे वळले. त्याचा गाल सुजला होता.

शीलाबाई बाहेर आल्या. भावसिंग उठून उभा राहिला, एक हात छातीवरच्या खिशावर. शीलाबाईंनी त्याच्या चपलेकडे पाहिलं. आकडा ऐकून हा माणूस चारचौघांत खाली बघेल, हे चित्रच त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. तो आकडा त्यांच्या तोंडातून निघेना.

"भाऊ, डॉक्टरांचं काम लांबचं आहे," त्या म्हणाल्या. "इतकं करायची गरज नाही. घरीच करा. सोड्यात लिंबाचे चार थेंब टाकून हलक्या हातानं घासायचं. माझ्या आईनं जन्मभर तेच केलं."

"जातीन का पण डाग?" भावसिंगनं विचारलं.

"जातील. धीर धरावा लागतो."

बापलेक हात जोडून गेले. तपासणीची फीसुद्धा शीलाबाईंनी घेतली नाही. त्या दिवशी घरी जाताना आपण कोणावर तरी उपकार केला असं त्यांना वाटलं. डॉक्टरांनी सोमवारी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नाही आले ते."

एप्रिलात राखी एकटी आली. ओढणी तोंडावर घट्ट धरलेली. खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी हवेची फुंकर मारली तशी ती कळवळून उठून बसली. दातांची चकाकी पार गेली होती. कडा झिजून पातळ झाल्या होत्या आणि तपकिरी पट्टे होते तिथंच होते, उलट जास्तच उठून दिसत होते.

"काय लावलंस याला?"

"लिंबू आन सोडा. अगुदर एका दिवसाआड घासून राह्यली होती. काही फरक पडेना, मंग सकाळ-संध्याकाळ. लिंबाची फोडच घासो."

डॉक्टर चिडले. "कोणी सांगितलं हे?"

शीलाबाई ट्रे धरून शेजारीच उभ्या होत्या. राखीनं त्यांच्याकडे पाहिलं, क्षणभरच.

"कोणी नाही, साहेब. मनानंच केलं."

त्या वेळी एक वाक्य पुरेसं होतं. मी सांगितलं, एवढंच. शीलाबाईंनी ट्रेमधला आरसा उगाच सरळ केला. डॉक्टर म्हणाले, आता उजळवायचं औषध या दातांना सोसायचं नाही, आधी ठणका थांबायला हवा. त्यांनी लावायचं मलम दिलं आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. राखी परत आली नाही.

शीलाबाईंनी डॉक्टरांना सांगितलं ते पाऊसपाणी सरून दसऱ्याच्या सुमारास. डॉक्टरांनी हातातलं अवजार खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी बघू म्हणालो होतो ना, बाई." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: मुलीला घेऊन या, खर्चाचा विचार करू नका.

ती चिठ्ठी घेऊन रविवारी शीलाबाई एसटीनं फुलसावंगीला गेल्या आणि तिथून पायी तांड्यावर. भावसिंग शेतात होता. राखीची आई जमनी दारात कापूस निवडत बसली होती. तिनं खाट टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. राखी? राखीचं उन्हाळ्यातच लग्न झालं, दिग्रसकडं दिली. ठणक्यापायी सराव पाठ बुडाले, वर्ष गेलं. मग तिचं मनच उडालं.

शीलाबाईंनी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, आपण काय सांगितलं, आणि का. सांगताना त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. जमनीचे हात थांबले.

"बाई, त्या दिवशी पैसे होते ना त्यायच्या खिशात," ती म्हणाली. "दोन बकऱ्या इकल्या होत्या तिच्या दातासाठीच. घरी आले त खूश. म्हणे, बाई भली हाय, आपले पैसे वाचवले."

शीलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमी वाईट नाही केलं. आमच्या भल्यासाठीच सांगतलं," जमनी पुढं म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "पण भाव त सांगाचा होता. घेनं नाही घेनं आमी ठरवलं असतं. तुमीच काहून ठरवलं?"

शीलाबाईंनी चिठ्ठी तिच्या हाती दिली. जमनीनं ती घडी करून कनवटीला खोचली. सासरी कळवू म्हणाली. चिठ्ठी पोचली की नाही, देव जाणे.

पुढं चार वर्षांनी यवतमाळच्या बसस्टँडवर कोणीतरी "बाई!" अशी हाक मारली. राखीच होती. अंगानं भरली होती, कडेवर वर्षाची मुलगी. "बऱ्या हाये ना?" म्हणाली आणि हसली, पदर तोंडावर धरून. शीलाबाई इतकी वर्षं मनात घोळवलेली माफी जुळवू लागल्या, पण राखीलाच काही विचारायचं होतं.

"बाई, पोरीले दात येऊन राह्यले. आमच्याकडं बोअरचंच पानी हाय. हिचे माह्यासारखे होतीन का? काय करू?"

वर्षानुवर्षं बाकाजवळ जी उत्तरं झटकन सुचायची, त्यातलं एक आताही ओठांवर आलं होतं. शीलाबाईंनी ते गिळलं.

"मला नाही माहीत, बेटा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर आहेत आत्ता दवाखान्यात. चल, त्यांनाच विचार. ते काय सांगतील ते तू स्वतः ऐक."

राखीनं स्टँडवरच्या घड्याळाकडं पाहिलं. दिग्रसची गाडी लागली होती. क्षणभर ती घुटमळली, मग तिनं मुलगी दुसऱ्या कडेवर घेतली आणि शीलाबाईंच्या मागून रस्ता ओलांडला. माफी मागायची राहिली ती राहिलीच.