बाबांच्या दोन मेंढ्या

बॅनरवरचा आकडा खोटा आहे.

आज सकाळी माझे बाबा गेले. दुपारपर्यंत अमडापूरच्या स्टँडवर फोटो लागलासुद्धा. "एका दिवसात ६१ मेंढ्या कातरणारे विक्रमवीर." खाली हात जोडलेले सात चेहरे.

यातला एकही कधी आमच्या दारात आला नव्हता. लोकर कुणी घेईना म्हणून बाबा पोती उकिरड्यावर रिकामी करत होते, तेव्हा यांचे फोन लागत नव्हते.

जाऊ द्या. यांच्यावर चिडायला आयुष्य पडलंय.

मी नववीत होते. धाड गावात जनावरांचं प्रदर्शन होतं, त्यात मेंढ्या कातरायची स्पर्धा. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. मशीन नाही, हातातली कातर.

आधीचा रेकॉर्ड अठ्ठावन्नचा. बाबा जेवायलाही उठले नाहीत. आई त्यांच्या तोंडात भाकरीचे घास घालत होती.

संध्याकाळी एकसष्ट झाल्या. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

बाबा वरूनच ओरडले, "उतरवा मले खाली! दोन कमी करा."

दोन मेंढ्यांना कातर लागली होती. पोटाजवळ, नखाएवढी. आमच्याकडे रीत आहे. रक्त निघालं की हळद लावायची, मेंढीच्या पाया पडायचं, आणि ती मोजायची नाही.

प्रदर्शनाचे साहेब हसले. "अहो, कोणी पाहिलं? एकसष्टचा कागद तयार आहे."

"मेंढीनं पाहिलं ना सायेब. एकोणसाठ लिवा. तेवढ्यानंबी रेकॉर्ड तुटते."

साहेबांना दुसरा कागद करायचा कंटाळा आला. बाबा सर्टिफिकेट न घेता घरी आले.

पुढे एका मेंढी फार्मवर शिकवणारा माणूस हवा होता. पक्की नोकरी. सर्टिफिकेट मागितलं, ते नव्हतं. ज्याला ती जागा मिळाली, तो मेंढी आडवी कशी पाडायची हे विचारायला बाबांकडेच आला.

आणि बाबांनी त्याला दाखवलं!

मी वर्षानुवर्षं त्यांना बोलले. "दोन मेंढ्यांपायी सारं घालवलं, बाबा!"

"हाव माय, घालवलं." एवढंच म्हणायचे आणि कातरीला धार लावत बसायचे.

मागच्या वर्षी एका पुरस्काराचा फॉर्म आला. मी चिखलीला शाळेत शिकवते, म्हणून फॉर्म मीच भरला. प्रदर्शनाच्या जुन्या कागदाची झेरॉक्स खटपट करून मिळवली. त्यावर एकसष्ट.

मीही एकसष्ट लिहिलं. वाटलं, या माणसाच्या पदरात एकदा तरी काही पडू दे.

बाबांना वाचता येत नव्हतं. अंगठा लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "किती लिवलं व माय?"

मी म्हणाले, "एकोणसाठ."

पुरस्कार मिळाला. शाल मिळाली. घरी येईल त्याला ते शाल दाखवायचे आणि वर सांगायचे, "त्या सायबानं खोटं लिवलं होतं. माह्या पोरीनं खरं लिवलं."

काल दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या नर्सलाही त्यांनी हेच सांगितलं.

मी शेजारीच उभी होते. सांगायला अख्खा दिवस होता. मी सांगितलं नाही.

एकोणसाठ मेंढ्यांच्या माझ्या बाबांना, त्यांच्या खोटारड्या पोरीचा शेवटचा नमस्कार.